पाकिटावरचा माणूस

आमच्या चटणीच्या पाकिटावर माझ्या नवऱ्याचा चेहरा होता. त्यामुळे नाहीसा झाल्यावर तो मला जितका भेटला, तितका संसाराच्या सगळ्या वर्षांत भेटला नव्हता. मालवणच्या बाजारात दुकानाच्या दाराला पाकिटांची माळ लटकलेली असे, तिच्यात तो असायचा. एस.टी.त सीटखाली चुरगळून पडलेला असायचा. पर्यटक बिअरबरोबर चटणी चाखतात आणि रिकामं पाकीट वाळूत टाकून जातात. भरती त्याला आत नेते आणि पुन्हा आणून सोडते. एकदा सकाळी मासळीच्या लिलावाला निघाले होते, तर पाण्याच्या कडेला तो पडलेला. डोक्याला टॉवेल, गालभर हसू, आणि एका डोळ्यात वाळू. ज्या समुद्राने अख्खा माणूस परत दिला नाही, तो त्याचं प्लास्टिक मात्र इमानदारीने परत करत होता. मला इतका राग आला की पाकीट उचलून मी त्याच समुद्राच्या तोंडावर भिरकावलं. वारा माझ्याच दिशेने होता. ते येऊन माझ्या साडीला चिकटलं.

मी त्याला 'तो' म्हणते, म्हणून काही जणी नाक मुरडतात. लग्न झाल्यावर मीही 'अहो' म्हणायचे. पण न सांगता-सवरता निघून गेलेल्या माणसाला इतकी वर्षं 'अहो' म्हणत बसायला मला जमलं नाही.

तो ट्रॉलरवर खलाशी होता. खोल समुद्रात जाळी टाकून ट्रॉलर उभा होता, बाकीचे खलाशी झोपले होते. पहाटे उठून पाहतात तर हा जागेवर नाही. वादळ नाही, भांडण नाही, दारूही नाही. त्याची चप्पल होती, टॉवेल होता, मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. पोलिसांनी हरवल्याची नोंद घेतली. बाकीच्या ट्रॉलरवाल्यांनी शोधून पाहिलं. मग लोकांना तो दिसायला लागला. कोणाला मडगाव स्टेशनवर, कोणाला रत्नागिरीच्या बंदरात, एकाला तर मुंबईत इस्पितळाच्या रांगेत. प्रत्येक वेळी मी जायचे. प्रत्येक वेळी दुसराच कोणीतरी असायचा, आणि तो बिचारा माझ्याकडे घाबरून बघायचा.

शेवटी सासू गावच्या देवळात कौल लावायला गेली. आमच्याकडे अडलं की देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला फुलाच्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची कळी पडली की देवाने हो म्हटलं असं समजायचं. मी गेले नव्हते, तापाने अंथरुणात होते. सासू परत आली, पायावर पाणी घेतलं आणि म्हणाली, "देवान उजवी दिल्यान." तेवढंच. वाडीभर झालं की देवाने सांगितलं, तो जिवंत आहे. मग कोणाची हिंमत? माझं कुंकू तसंच राहिलं, मंगळसूत्र तसंच राहिलं. भाद्रपदात म्हाळाला, म्हणजे पितृपक्षात, सासू माझ्या सासऱ्यांचं पान वाढायची, त्यांच्या आईबापांचं वाढायची. त्याचं पान कधी वाढलं नाही. आम्हाला मूल नव्हतं. त्या घरात मी, सासू आणि देवाचा तो कौल असे तिघं राहत होतो.

पोटासाठी चटणी सुरू केली. गोलमो, म्हणजे आमच्याकडचा बारीक सुकवलेला जवळा, तो भाजायचा, सुकं खोबरं, लसूण, मिरची, आमसूल घालून वाटायचा. ही त्याची आवडती चटणी होती. समुद्रावर जाताना डबा भरून न्यायचा आणि रिकामा परत आणायचा, तोही न धुता. पाकिटावर काय छापायचं असा प्रश्न आला तेव्हा सासू त्याचा फोटो घेऊन आली. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी त्यावरून रेखाचित्र करून दिलं. पिवळ्या पाकिटावर काळ्या रेघांनी काढलेला तो हसरा खलाशी लोकांना आवडला. गिऱ्हाईक चटणीचं नाव विसरायचं आणि म्हणायचं, "तो हसतो, ती द्या."

त्याचा मला त्रास होत होता हे मी कोणाला सांगितलं नाही. खोलीत पाकिटांचे गठ्ठे असायचे. केर काढायला गेले की शेकड्यांनी तो माझ्याकडे बघून हसायचा. सगळे एकाच वयाचे, फोटोतल्या. मी मात्र दर वर्षी त्या खोलीत थोडी जून होऊन शिरायचे. कधीकधी मी गठ्ठे भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. सासू आली की पुन्हा सरळ करायची.

मग एकदा कणकवलीच्या एस.टी. स्टँडवर तो मला म्हातारा दिसला.

गाडीला वेळ होता. स्टॉलवर पाणी घ्यायला गेले आणि समोर टांगलेली पाकिटं बघून माझा हात तसाच राहिला. तेच पिवळं, तोच टॉवेल, तेच हसू. पण मिशी पिकलेली, डोळ्यांखाली सूज, गाल ओघळलेले. आज असता तर असाच दिसला असता, असं मनात आलं. स्टॉलवाला म्हणाला, "वहिनी, बरं नाय काय?" मी पाकीट विकत घेतलं. उलटून पाहिलं तर मागे भलताच पत्ता, तिकडे आरोंद्याच्या बाजूचा, गोव्याच्या हद्दीजवळचा. चटणीचं नाव दुसरं होतं. सरळसरळ आमची नक्कल होती. हे कळल्यावरही गाडीत मी ते पाकीट पालथं करून मांडीवर ठेवलं. माझा धीर होत नव्हता.

घरी सासूने माझी पिशवी रिकामी केली. तिची ही सवय मला कधीच आवडली नाही. पाकीट हाती लागल्यावर ती ओटीवर उजेडात जाऊन बसली आणि पदराने ते पुसत राहिली. मला वाटलं, आता शिव्यांचा पट्टा सुटेल. तिची जीभ मालवणात प्रसिद्ध आहे. पण ती हळूच म्हणाली, "ह्यो आताचो आसा."

"आई, तो खरो नाय. कोणीतरी आमची नक्कल केल्यान हा."

"आमचा चित्र फोटोवरसून काडला," ती म्हणाली. "मगे हेंचा कशावरसून काडला? कोणीतरी तेका बघल्यान म्हणानच काडल्यान मा?"

मी सुशिक्षित बाई, बी.ए. पास, मी तिला म्हटलं की आजकाल कॉम्प्युटरवर काहीही करता येतं. पण रात्री जेवल्यावर मीच ते पाकीट पुन्हा उजेडात धरलं. तिचा प्रश्न मलाही बरोबर वाटत होता, हीच खरी गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी मी कणकवलीच्या वकीलबाईंकडे गेले. त्या ट्रेडमार्कची कामं करतात. काजूवाले, कोकमवाले, खाजावाले त्यांच्याकडे येतात. कोणाचं नाव नोंदवायचं असतं, कोणाचं चित्र, कोणाला बाटलीचा आकार डिझाइन म्हणून नोंदवायचा असतो. त्यांनी दोन्ही पाकिटं शेजारीशेजारी ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं नोंदणी का नाही केली?" मग स्वतःच म्हणाल्या, "आता लगेच करू. तो नक्कल करणारा आधी नोंदवून बसला, तर तुम्हालाच चोर ठरवायला कमी करणार नाही."

अर्ज ऑनलाइन झाला. नाव, माल, किती वर्षं विकताय त्याचे पुरावे, आणि चौकोनात त्याचं चित्र. चित्र अपलोड होत असताना ते वरून खाली हळूहळू उमटत गेलं. आधी टॉवेल, मग डोळे, मग हसू. वकीलबाई चहा सांगायला उठल्या. मी स्क्रीनवरून नजर काढून घेतली.

काही महिन्यांनी मुंबईच्या कार्यालयातून तपासणीचा अहवाल आला. वकीलबाईंनी मला बोलावून घेतलं. हरकत एकच होती. चिन्हातला चेहरा खऱ्या माणसाचा आहे काय? असल्यास तो जिवंत असेल तर त्याची लेखी संमती जोडा. अलीकडच्या काळात मयत झाला असेल तर वारसांची संमती जोडा.

मी वाचलं आणि हसू आलं. खरंच आलं. पोलिसांनी विचारलं नाही, तहसीलदाराने विचारलं नाही, नातेवाइकांना विचारायचं धाडस झालं नाही, आणि शेवटी विचारलं कोणी, तर चटणीच्या पाकिटासाठी मुंबईतल्या कोणा अधिकाऱ्याने. तुमचा नवरा जिवंत आहे की मेला? एका महिन्यात कळवा.

वकीलबाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, सात वर्षं पत्ता नसलेला माणूस कायद्याने गेला असं धरता येतं. तुमची तर त्याहून जास्त झालीत. तसं प्रतिज्ञापत्र करा. तुम्ही आणि सासूबाई वारस म्हणून संमती द्या. कोर्टाचा कागद मागितला तर तोही बघू."

"आणि नाही दिली तर?"

"तर चेहरा काढून टाकायचा. पण चेहरा काढला की चिन्हच बदललं, मग सगळा अर्ज नव्याने. आणि जे नोंदवाल तेच पाकिटावर छापा, नाहीतर नोंदणीला अर्थ नाही."

म्हणजे हिशेब साधा होता. त्याला पाकिटावर ठेवायचं असेल तर तो मेला म्हणून सही करायची. त्याला जिवंत ठेवायचं असेल तर पाकिटावरून पुसायचा. मी गाडीत बसून हे उलटसुलट करून पाहिलं. तिसरी वाट सापडली नाही.

मला सही करायची होती. हे मी आज उघड सांगते. मला त्या गठ्ठ्यांच्या खोलीचा वीट आला होता. दारात कोणी खाकरलं की दचकायचा वीट आला होता. पण सासू सही करणार नाही याची मला खात्री होती. देवाच्या शब्दापुढे मुंबईचं कार्यालय काय चीज आहे? मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी ज्याना तेका बघल्यान तेका भेटूया. मगे काय ती सही."

निघालो. मालवणहून सावंतवाडी, तिथून पुढे खाडीच्या बाजूला जाणारी गाडी. सासूने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि डब्यात आमची चटणी घेतली होती. कोणासाठी ते मी विचारलं नाही. खाडीकडेची माडांची रांग दिसायला लागली तेव्हा ती खिडकीतून प्रत्येक पुरुषाकडे बघायला लागली. सायकलवरच्या, होडीतल्या, पिंपळाच्या पारावर बसलेल्या. तिचं बघून मीही बघत होते. एक माणूस पाठमोरा जाळं खांद्यावर टाकून चालला होता आणि त्याची चाल हुबेहूब होती. गाडी त्याच्या पुढे गेली. तोंड दिसलं. तो नव्हता. आम्ही दोघींनी एकदमच मान पुढे वळवली.

पाकिटामागच्या पत्त्यावर त्या चटणीवाल्याचं दुकान सापडलं. पाकिटावरचा चेहरा आमच्याकडचा आहे हे ऐकल्यावर दुकानदाराने आवाज चढवला. आम्ही भांडायला आलो असं त्याला वाटलं, आणि त्याची उत्तरं तयार होती. "चेहरो काय कोणाच्या बापाशीचो नाय. खलाशी सगळे सारकेच दिसतत." माझ्या तोंडात चांगली सणसणीत शिवी जुळली होती. एवढ्यात सासूने त्याला हात जोडले.

"बाबा, भांडूक इलंय नाय मी. तुमी माझ्या झिलाक खंय बघलात, तेवढाच सांगा."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला सगळं सांगितलं. ट्रॉलर, चप्पल, मोबाइल, कौल. माणूस तोंड उघडं टाकून ऐकत राहिला आणि त्याचा आवाज कुठच्या कुठे गेला. "आजी," तो म्हणाला, "मी कोणाक बघूक नाय. देवाशप्पत. चित्र छापखान्यात केला."

छापखाना त्याच बाजारात, चार दुकानं सोडून होता. छपाईवाला पोक्त माणूस, कानाला हेडफोन लावून लग्नपत्रिका जुळवत होता. दुकानदाराने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने नाइलाजाने फाइल उघडली. आधी स्क्रीनवर आमचं पाकीट आलं, सरांनी काढलेला तो. मग त्याने खालच्या पट्टीवर बाण धरून सरकवला, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझा नवरा म्हातारा झाला.

"जसाच्या तसा छापला तर नक्कल म्हणतील, म्हणून थोडं वय वाढवलं," छपाईवाला शुद्ध मराठीत, मान खाली घालून म्हणाला. "एवढंच केलं. कोणाला बघून नाही केलं."

सासूने खुर्ची ओढून घेतली आणि स्क्रीनच्या अगदी समोर बसली. मला वाटलं, ती आता रडेल. मी तिच्या खांद्याला हात लावला, तो तिने झटकला.

"ता फुडे जाता?" तिने विचारलं.

"काय, आजी?"

"वय. अजून फुडे जाता?"

त्याने दुकानदाराकडे पाहिलं, दुकानदाराने मान हलवली. बाण पुढे सरकला. कानाजवळचे केस पांढरे झाले, मग भुवया. गालांत खळगे पडले. मधे एका ठिकाणी तो अगदी माझ्या वयाचा होता. थकलेला, माझ्यासारखाच डोळ्यांच्या कोपऱ्यांतून सुरकुतलेला. थांबवा, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण ती आई होती आणि खुर्ची तिची होती. "अजून," ती म्हणाली. मान बारीक झाली, ओठ आत गेले. टॉवेल मात्र तसाच, कोराकरकरीत. शेवटी पट्टी संपली. समोर एक जख्ख म्हातारा हसत होता.

सासूने त्याच्या गालाला बोट लावलं. काचेवर तिच्या बोटाचा डाग पडला.

"आता ह्यो माझ्यापेक्षा म्हातारो झालो," ती म्हणाली. "बस झाला."

"परत मागे आणू?" छपाईवाल्याने विचारलं.

"नको. ऱ्हवांदे तसोच."

चटणीचा डबा तिने तिथेच टेबलावर ठेवला आणि उठली. दुकानदार गाडीपर्यंत सोडायला आला. तो काहीतरी बोलू पाहत होता, पण आम्ही दोघीही त्याच्याकडे बघत नव्हतो. परतीच्या वाटेवर सासू खिडकीला डोकं लावून झोपली. दिवसाची झोपणारी बाई ती नव्हे. जाताना तिने बघितलेले सगळे पुरुष पुन्हा रस्त्यावर होते, आणि त्यांच्याकडे आता मी एकटी बघत होते.

कागद तयार होऊन आले तेव्हा मी ते ओटीवर तिच्यापुढे ठेवले आणि वाचून दाखवायला लागले. 'माझा मुलगा मयत झाला आहे असे मी समजते,' इथपर्यंत आले तेव्हा तिने माझ्या हातातलं पेन घेतलं. रात्रशाळेत शिकलेली सही तिने सावकाश, एकेक अक्षर जोडत केली. मला ते खरं वाटेना.

"आई, देवाचो कौल?" मी म्हटलं. "देवान उजवी दिलेली मा?"

"दिल्यान."

"मगे?"

तिने पेनाचं टोपण लावलं. "गुरवान माका इचारल्यान, काय इचारूचा देवाक? तो जिवंत आसा काय, ह्या इचारूची माका छाती झाली नाय. डावी दिल्यान तर काय करतलंय? म्हणान मी सांगलंय, जंय आसा थंय बरो आसा काय, तेवढाच इचार. देवान उजवी दिल्यान."

वाडीने, पाहुण्यांनी, मी, सगळ्यांनी उत्तर ऐकलं होतं. प्रश्न 'जिथे आहे तिथे बरा आहे का' एवढाच असेल, हे इतक्या वर्षांत कोणाच्याही मनात आलं नव्हतं. कौलाचं असंच असतं. उजवी की डावी एवढंच लोक विचारतात.

मग माझा ताबा सुटला. मी ओरडले. शेजारीपाजारी ऐकतील याची पर्वा केली नाही. "देवाच्या शब्दार मी कुकू लावलंय इतकी वर्सां! तुमी एकदा तरी बोलाचा होता!"

तिने मला ओरडू दिलं. मग म्हणाली, "कुकू लावताना तू आरशात बघीस ना, तेवा मी तुका बघी. माका दिसला, तुका ता कुकू व्हया. म्हणान गप ऱ्हवलंय. मी तुझ्यासाटी गप ऱ्हवलंय, गो."

आणि मी तिच्यासाठी. हे मी तोंडाने बोलले नाही, तिला बोलून दाखवायची गरज नव्हती. तिने कागद माझ्याकडे सरकवला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं, आणि चुलीवरचं दूध बघायला आत गेली.

मी पेन घेतलं. बाहेर दारापुढच्या खळ्यात गोलमो वाळत होता, त्याचा वास येत होता. इतकी वर्षं मी समजत होते की या घरात सासू वाट बघते आणि मी अडकून पडले आहे. तिने सही केली, आणि त्याची वाट बघणारी मी एकटीच उरले. मी सही नाही केली तर तिचा हट्ट आहे असंही आता कोणाला सांगता येणार नव्हतं. दोनदा पेन टेकवलं. कागदावर एक ठिपका पडला, तेवढाच. माझ्याने झालं नाही. मला त्याचा राग होता, मला त्याचा वीट आला होता, आणि माझ्याने झालं नाही.

दूध उतरवून सासू बाहेर आली. तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मगे चेहरो काडून टाक."

वकीलबाईंना कागद परत दिला. हरकतीला उत्तर द्यायची मुदत तशीच जाऊ दिली. नवं चित्र काढायला पुन्हा त्या चित्रकलेच्या सरांकडे गेले. त्यांनी सुचवलं की ओळख राहावी म्हणून टॉवेल ठेवू, फक्त चेहरा गाळू. काढून दाखवलं. गुंडाळलेला टॉवेल आणि त्याच्या खाली काहीच नाही. सरांनीच तो कागद लगेच उलटा केला. शेवटी सुपात वाळत घातलेला गोलमो काढला. नवा अर्ज झाला, तपासणी झाली, ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये जाहिरात झाली. कोणी विरोध केला नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र आलं ते मी फ्रेम करून पाकिटांच्या खोलीत लावलं. गिऱ्हाइकं सुरुवातीला विचारायची, "तो हसणारा कुठे गेला?" मी म्हणायचे, डिझाइन बदललं.

खाडीकडच्या दुकानदारानेही, आम्ही काही न करता, त्याचं पाकीट बदललं. त्याच्यावर आता नुसता मासा आहे. जुनी पाकिटं दुकानांतून संपली. काही काळ भरतीबरोबर एखादं यायचं, रंग उडालेलं, मग तेही यायचं बंद झालं. मी लिलावाला जाताना पाण्याच्या कडेने चालते. तिथे हल्ली काही नसतं.

राहिला तो एकाच जागी. वकीलबाईंनीच एकदा सहज दाखवलं. आमचा पहिला अर्ज कार्यालयाच्या वेबसाइटवर अजून आहे. उत्तर न दिलेला अर्ज 'सोडून दिलेला' असा शेरा मारून ते ठेवतात, पुसत नाहीत. अर्जाचा नंबर टाकायचा, शेजारी दिसणारे वेडेवाकडे आकडे नि अक्षरं भरायची, की पान उघडतं. चौकोनात तो. टॉवेल, डोळे, हसू. ना मेलेला, ना जिवंत, आणि सोडून दिलेला असं लाल अक्षरांत लिहिलेलं. हे असं लिहिणाऱ्याचा मला राग येतो. मी कुठे सोडलंय?

आमच्याकडे नेटवर्क ओटीच्या एका कोपऱ्यातच येतं. दुपारी काम आवरलं की मी तिथे खांबाला टेकून बसते आणि तो नंबर टाकते. मला वाटायचं, सासूला यातलं काही ठाऊक नाही. या वर्षी म्हाळाच्या दिवशी तिने पानं वाढली. सासऱ्यांचं, त्यांच्या आईबापांचं. त्याचं नाही. जेवणं झाल्यावर मी कोपऱ्यात जाऊन बसले. पान उघडायला वेळ लागत होता. ती सुपारी कातरत होती, तिने मान वर केली नाही.

"आसा मा तो थंय?" तिने विचारलं.

मोबाइलवर चित्र वरून खाली उमटत होतं. "आसा," मी म्हटलं.

"बरो आसा?"

मी तो पूर्ण येईपर्यंत थांबले.

"बरो आसा, आई."